खाणपट्ट्याचा हिशेब

गोवा म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे किनारा उभा राहतो. हे पुस्तक त्या गोव्याचे नाही. किनाऱ्याकडे पाठ करून पूर्वेला निघाले की डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे हे तालुके लागतात. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख कुळागरांचा, भातशेतीचा, झऱ्यांचा आणि देवराईंचा आहे. याच मुलखाच्या पोटात लोहखनिज आहे. 3,702 चौरस किलोमीटरच्या या चिमुकल्या राज्यात सुमारे 700 चौरस किलोमीटरचा पट्टा खाणींचा म्हणून ओळखला जातो. त्या पट्ट्यातल्या गावांनी साठ-सत्तर वर्षांत काय कमावले आणि काय गमावले, याचा शोध पुढच्या पानांत आहे.

विकास हवा की पर्यावरण, असा प्रश्न सभांमधून आणि वाहिन्यांवरून विचारला जातो, तेव्हा दोन तट आहेत असे गृहीत धरलेले असते. एका बाजूला पोटासाठी खाण मागणारे, दुसऱ्या बाजूला झाडांसाठी ती अडवणारे. खाणपट्ट्यात थोडे दिवस काढले तरी ही मांडणी खोटी असल्याचे कळते. तिथे दोन्ही तट एकाच घरात असतात. बापाचे शेत खाणीच्या गाळाने गेलेले असते आणि मुलाच्या ट्रकचा हप्ता त्याच खाणीवर चालू असतो. आई विहीर आटली म्हणून टँकरची वाट पाहते आणि तो टँकर खाणकंपनीने पाठवलेला असतो. अशा घरातल्या माणसाला 'तुम्ही कोणत्या बाजूचे?' असे विचारणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग प्रश्न कसा विचारावा? माझ्या मते तो हिशेबाचा आहे. जमिनीतून काय काढले, त्याचे किती आले, ते कुणाकडे गेले, त्यापायी काय नष्ट झाले आणि उद्यासाठी काय उरले. हा हिशेब गोव्यात कधीच पुरा मांडला गेला नाही. मांडला असता तर खाणी कधी सुरू ठेवायच्या, किती वेगाने चालवायच्या आणि कुठे मुळीच उघडायच्या नाहीत, हे ठरवणे इतके रक्तबंबाळ झाले नसते.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पोर्तुगीज राजवटीत खनिज काढण्याचा हक्क 'कन्सेशन' म्हणून खासगी माणसांना दिला जाई, आणि तो हक्क व्यवहारात कायमचाच असे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस निर्यात सुरू झाली. 1950 च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारला परकीय चलनाचा मोठा आधार खनिजाचाच मिळाला. युद्धातून सावरणारा जपान आणि पश्चिम जर्मनी ही मोठी गिऱ्हाइके होती. पाटीपाटीने डोंगर उतरवला जाई आणि त्या कामात बायाही असत. पुढे यंत्रे आली, नद्यांवर बार्जी आल्या. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांनी खनिज मुरगावच्या बंदरापर्यंत नेले, म्हणून खाणी टिकल्या. एरवी इतक्या हलक्या प्रतीचे खनिज रस्त्याने नेणे परवडलेच नसते.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला. कन्सेशने मात्र तशीच राहिली. ती रद्द करून त्यांचे लीजमध्ये रूपांतर करणारा कायदा केंद्राने 1987 मध्ये केला, म्हणजे मुक्तीनंतर पंचवीस वर्षांनी. जमिनीखालचे धन लोकांचे आणि सरकार त्याचे विश्वस्त, ही गोष्ट कागदावर यायला एवढा काळ लागला. ती अंगवळणी पडायला आणखी किती लागेल, सांगता येत नाही. पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' ही कोकणी कादंबरी 1977 ची. खाणीमुळे आतून मोडत जाणाऱ्या गावाची ती कथा आहे. सरकारी अहवालांनी जे नोंदवायला आणखी तीन दशके घेतली, ते एका लेखकाने तेव्हाच पाहिले होते.

आता पाण्याकडे वळू. या विषयाचे मर्म माझ्या लेखी पाण्यात आहे.

गोव्यातले बरेचसे लोहखनिज भुकटीच्या रूपात असते. ही भुकटी सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवते. वरचा जांभा पावसाचे पाणी पितो, खाली सोडतो, आणि खनिजाचा थर ते साठवून ठेवतो. म्हणजे जे खनिज आपण विकतो, तीच गावाची पाण्याची टाकी असते. पावसाळ्यात भरलेला हा साठा उन्हाळ्यात झऱ्यांतून हळूहळू बाहेर येतो. त्यावर कुळागरातली माड-पोफळी जगते आणि त्याच पाण्यावर शेतकरी वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी भाताचे, पीक काढतो. खाण खोल जाऊन भूजलाच्या पातळीखाली उतरली की खड्ड्यात पाणी भरू लागते. काम चालू ठेवायचे तर ते पंपाने उपसून ओहोळात सोडावे लागते. काही खड्डे तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. असा उपसा वर्षानुवर्षे चालला की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी खड्ड्याकडे ओढले जाते. लईराई देवीच्या जत्रेसाठी सगळ्या गोव्याला ठाऊक असलेले डिचोली तालुक्यातले शिरगाव चारी बाजूंनी खाणींनी वेढले गेले आणि तिथल्या विहिरी आटल्या. गावकऱ्यांना उच्च न्यायालयात जावे लागले. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे पिण्याच्या पाण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, यातच सगळे आले.

पाण्याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. एक टन खनिज काढायला अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. त्याचे डंप म्हणजे मानवनिर्मित डोंगर गावांच्या डोक्यावर उभे असतात. मृग बरसला की त्यांची माती सुटते, ओहोळात येते आणि ओहोळ भरला की शेतात पसरते. गाळ म्हटला की सुपीक गाळ डोळ्यांपुढे येतो, म्हणून हे जवळून सांगायला हवे. खाणीची ही माती मेणासारखी चिकट असते. पावसात तिचा लगदा होतो आणि रोपाची मुळे त्यात गुदमरतात. पाऊस गेला की ती वाळून टणक होते, तिच्यात नांगराचा फाळ शिरत नाही. दोन-तीन वर्षे असा थर बसला की शेताचा बांध आणि शेत यांची उंची सारखी होते. मग पाणी तुंबवता येत नाही आणि भात लावता येत नाही. कंपनी दरवर्षी नुकसानभरपाई देते. ती पिकाची असते. शेत गेल्याची भरपाई कुठल्याच कोष्टकात नाही.

इथे 'खाणअवलंबित' या शब्दाचा उगम आहे. गोव्याच्या वर्तमानपत्रांत तो रोज येतो, निवेदनांत येतो, विधानसभेत गाजतो. ही माणसे जन्मतः खाणीवर अवलंबून नव्हती. आधी शेत गेले, मग पाणी गेले, मग भरपाईची सवय लागली, मग बँकेने ट्रकला कर्ज दिले. एका पिढीत शेतकऱ्याचा ट्रकमालक झाला. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन ट्रक आले. ज्याला गॅरेज टाकता आले त्याने गॅरेज टाकले, कुणी चहा-भज्यांचे दुकान काढले. ही समृद्धी खोटी नव्हती. घरे बांधली गेली, मुले शिकली. त्या पैशाला नाक मुरडण्याचा हक्क पणजीत किंवा पुण्यात बसलेल्या कुणालाही नाही. पण ती समृद्धी एकाच खुंटीला टांगलेली होती, आणि दुसरी खुंटी खाणीनेच उपटून टाकली होती. म्हणून 'खाण बंद झाली तर आम्ही खायचे काय?' हा त्यांचा प्रश्न पर्यावरणवाद्यांच्या विरोधातला आहे असे मी मानत नाही. खाणीच्या विरोधातला तोच सर्वांत मोठा पुरावा आहे.

2000 नंतर चीनची भूक वाढली. बीजिंगला 2008 चे ऑलिंपिक व्हायचे होते, शहरे उठत होती, आणि आजवर डंपवर फेकले जाणारे हलक्या प्रतीचे खनिजही तिकडे खपू लागले. 62 टक्के लोहाच्या खनिजाचा भाव 2011 च्या सुरुवातीला टनाला दीडशे डॉलरच्याही वर गेला. गोव्यातून होणारी निर्यात वर्षाला 5 कोटी टनांच्या घरात पोचली. अरुंद रस्त्यांवरून ट्रकांच्या रांगा लागल्या. जितक्या ट्रीपा तितके पैसे, म्हणून वेग वाढला. उसगाव-तिस्कपासून सावर्डे-कुडचड्यापर्यंत धूळ आणि अपघात रोजचे झाले. त्यात लोकांच्या तिजोरीत काय पडत होते? ऑगस्ट 2009 पर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी किमतीच्या प्रमाणात नव्हती, टनामागे ठरलेले मोजके रुपये एवढीच होती. भाव आभाळाला भिडत असताना विश्वस्ताने लोकांचा माल अक्षरशः मातीमोल सोडला. 2009 मध्ये रॉयल्टी 10 टक्के झाली, 2014 मध्ये 15 टक्के.

पुढचा घटनाक्रम वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत आला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे 35,000 कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा आयोगाचा अंदाज होता. खाणउद्योगाने तो फेटाळला. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने 10 सप्टेंबरला खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. 21 एप्रिल 2014 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की सर्व लीज 22 नोव्हेंबर 2007 लाच संपले होते, म्हणजे त्यानंतरची पाच वर्षे जे काढले ते बेकायदा होते. वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली गेली. त्यानंतर जे झाले ते जास्त क्लेशकारक आहे. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम 12 जानेवारी 2015 रोजी निघाला, आणि त्या दिवसापर्यंतच्या आठवडाभरात राज्य सरकारने पन्नासहून अधिक लीजचे नूतनीकरण उरकले. 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने अशी 88 नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या.

या थांबण्याची झळ कुणाला लागली? ज्यांनी भरभराटीच्या वर्षांत कमावले त्यांना नाही. अंगणात ताडपत्री टाकून उभे राहिलेले ट्रक, टायर वितळत चाललेले, बँकेच्या नोटिसा, कामावरून कमी केलेले कामगार: खाणबंदी म्हणजे खाणपट्ट्यातल्या माणसाला हे सगळे होते. सरकारला कर्जदारांसाठी सवलतीच्या योजना आणाव्या लागल्या. बेकायदेशीरपणा थांबलाच पाहिजे होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतू नाही. पण ज्याने कायदा मोडला तो आणि ज्याची चूल विझली तो, ही दोन वेगळी माणसे होती. न्यायालयाला ती वेगळी करणे शक्य नव्हते. सरकारला शक्य होते आणि त्याने ते केले नाही.

2014 च्या निकालातल्या एका कलमाकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहे. विक्रीच्या 10 टक्के रक्कम गोव्याच्या लोहखनिज कायमस्वरूपी निधीत जमा करावी, असे न्यायालयाने सांगितले. कल्पना साधी आहे. खनिज हे उत्पन्न नाही, मुद्दल आहे. घरातले सोने मोडून घर चालवले तर त्याला कुणी कमाई म्हणत नाही. सोने मोडून जमीन घेतली तर घर जिथल्या तिथे राहते, मोडून सण साजरे केले तर घर बसते. जॉन हार्टविक या कॅनेडियन अर्थतज्ज्ञाने 1977 मध्ये हेच गणिताने मांडले: न परत येणाऱ्या संपत्तीतून मिळणारा निव्वळ लाभ दुसऱ्या टिकाऊ संपत्तीत गुंतवला, तरच पुढच्या पिढीचे जगणे खालावत नाही.

जगात याचे दोन्ही दाखले आहेत. नॉर्वेने 1969 मध्ये तेल सापडल्यावर दोन दशके विचार केला, 1990 मध्ये निधीचा कायदा केला, 1996 मध्ये त्यात पहिली रक्कम टाकली. आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक निधींपैकी एक आहे. प्रशांत महासागरातल्या 21 चौरस किलोमीटरच्या नाउरू बेटानेही फॉस्फेटच्या पैशाचा निधी उभारला होता. 1977 मध्ये मेलबर्नला 52 मजली इमारतही बांधली. पण निधीचा हिशेब लोकांपुढे आला नाही, पैसा उधळला गेला, कर्जे झाली, आणि ती इमारत 2004 मध्ये विकावी लागली. आज बेटाचा मधला भाग खरवडलेल्या दगडांचा उजाड माळ आहे. निधी दोघांकडे होता. नॉर्वेचा हिशेब उघडा होता, नाउरूचा झाकलेला. गोव्याने यातला कोणता रस्ता धरायचा हे अजून ठरायचे आहे, आणि 10 टक्क्यांवर समाधान मानायचे का, हाही प्रश्न तितकाच खुला आहे. उरलेल्या 90 टक्क्यांतून खर्च आणि वाजवी नफा वजा जाता जे राहते, ते लोकांचेच आहे.

पैशाइतकाच निर्णयाचा अधिकारही महत्त्वाचा. केपे तालुक्यातल्या कावरे गावाची हकिगत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तिथल्या आदिवासी वेळीप समाजाने ओहोळ आणि शेती वाचवण्यासाठी ट्रक अडवले, मार खाल्ला, तुरुंग पाहिला. नंतर त्यांनी एक मागणी केली: खाण चालवायचीच असेल तर गावाची सहकारी संस्था चालवील, बेताने आणि झरे सांभाळून. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी तिचा जाहीर पाठपुरावा केला. ती मान्य झाली नाही. ज्या गोव्यात गावकरी पद्धतीने शेकडो वर्षे शेते, बांध आणि पाणी सामाईकपणे सांभाळले गेले, तिथे गावाला आपल्याच डोंगराबद्दल एवढेही ठरवू दिले गेले नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे शेजारच्या राज्याचे दुखणे समजू नये. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने खाणीला केलेला विरोध फार जुना नाही. जुलै 2021 मध्ये त्या खाणीत साठलेले पाणी फुटून बाहेर पडले आणि चिखल घराशेतांत शिरला. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे काम जोरात आहे आणि तिथले माडिया लोक त्या डोंगराला ठाकूरदेवाचे स्थान मानतात. त्याच जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतःच्या परवान्यावर बांबू विकते. बांबू पुन्हा उगवतो, लोखंड उगवत नाही, हा फरक मी विसरलेलो नाही. तरी हक्क हातात असलेले गाव आपल्या जंगलाला ओरबाडत नाही, हे मेंढ्याने दाखवून दिले. विकासाचे निर्णय गावावर सोपवले तर गाव लोभाने सगळे विकून टाकेल, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी तिथे जाऊन यावे.

डिसेंबर 2022 पासून गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि 2024 मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा चालू झाले. बंदच्या वर्षांनी पिळून निघालेल्या अनेकांनी त्याचे मनापासून स्वागत केले, ते मी समजू शकतो. लिलावामुळे सरकारला पूर्वीपेक्षा जास्त वाटा मिळेल, हेही खरे. पण आटलेल्या विहिरींना पाणी परत आणण्याची, गाळ भरलेली शेते उपसण्याची, जुने डंप बांधून घेण्याची जबाबदारी कुणाची, हे स्पष्ट न करता पुन्हा यंत्रे लावणे म्हणजे जुनेच वर्तुळ नव्या मालकाला देणे होय. खाण मुळीच नको, असे मी म्हणत नाही. गावाचे पाणी ज्या थरात आहे तिथे ती नको. बाकी ठिकाणी गावाच्या संमतीने, संथ, आणि मिळालेले मुद्दल मुद्दल म्हणून राखून चालणार असेल तरच ती असावी. यापेक्षा कमी काही मला पटत नाही.

पुढचे लेख वाचताना काही ठिकाणी एकमेकांना छेद देणारी मते दिसतील. ट्रकमालकाचे म्हणणे आणि कुळागर गेलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे संपादकांनी शेजारी शेजारी ठेवले, ते बरे केले. दोन्ही सलग वाचावीत. आणि एक विनंती. आपल्या तालुक्यात एखाद्या खाणीची जनसुनावणी जाहीर झाली तर कायद्याने निदान 30 दिवसांची मुदत असते आणि पर्यावरण परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पंचायतीत पाहायला ठेवावा लागतो. त्या 30 दिवसांत तो मागून घ्या, आधी पाण्याचे प्रकरण वाचा, त्यात आपल्या गावच्या विहिरी आणि झरे नोंदवले आहेत का ते तपासा, आणि राहिलेल्यांची नावे लेखी द्या.